इटलीच्या खेड्यांत मुलांसह संथ प्रवास: मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात जाणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संथ प्रवास म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी किती दिवस हाताशी हवेत?

एकाच घरात किमान एक आठवडा, शक्य असल्यास दोन आठवडे राहणे, आणि त्या घरापासून तासाभराच्या अंतरात जे आहे तेवढेच पाहणे, असा या प्रवासाचा साधा अर्थ आहे. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि मिलान ही चार शहरे दहा दिवसांत उरकणाऱ्या सहलीत मोठ्यांना निदान काहीतरी पाहिल्याचे समाधान मिळते. मुलांच्या वाट्याला मात्र बॅगा, रांगा, हॉटेलांच्या लिफ्ट आणि ‘चला, उशीर होतोय’ हे वाक्य येते. चार ते बारा वर्षांच्या मुलाला नव्या जागेत रुळायलाच दोन-तीन दिवस लागतात. कोंबड्या कुठे झोपतात, घर देणाऱ्या शेतमालकाचा कुत्रा कोणाला भुंकतो आणि गावातल्या बेकरीत सकाळी काय मिळते, हे कळल्यानंतर खरी मजा सुरू होते, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी त्याच वेळी पुढच्या शहराकडे निघतात. हाताशी एकूण दहाच दिवस असतील, तर सात दिवस एका शेतावर आणि उरलेले रोममध्ये घालवावेत. तिसरे ठिकाण जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळे टस्कनीला जातात. मग येथे उंब्रियाचा आग्रह का?

टस्कनी सुंदर आहे यात वाद नाही. व्हाल दोर्चा हे तिथले खोरे २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि सरूच्या रांगांची त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण त्या प्रसिद्धीमुळे तिथल्या घरांचे भाडे चढे असते आणि हंगामात लहान गावांतही गाडी लावायला जागा शोधत फिरावे लागते. उंब्रिया शेजारीच आहे. डोंगरउतारावरची दगडी गावे, ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे आणि सूर्यफुलांची शेते येथेही आहेत. गर्दी मात्र बरीच कमी असते.

मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्रासिमेनो सरोवर. सुमारे १२८ चौरस किलोमीटर पसरलेले हे सरोवर अत्यंत उथळ आहे. सर्वांत खोल जागीही पाणी सहा मीटरच्या आसपासच भरते. त्यामुळे काठाचे पाणी लवकर तापते आणि बेटांकडे जाणाऱ्या बोटींचा प्रवास लहान मुलांनाही झेपतो. सरोवराजवळ घर घेतले, तर पेरुजा, आसिसी, गुब्बिओ आणि टस्कनीतील कोर्तोना ही सगळी ठिकाणे सकाळी निघून दुपारी परत येण्याच्या अंतरावर राहतात.

कोणत्या महिन्यात जावे? शाळेच्या सुट्ट्यांशी ते जुळते का?

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी आणि उंब्रियाचा सर्वांत चांगला काळ हे जवळजवळ एकच आहेत. मे महिन्यात शेतांच्या कडेला लाल पॉपी फुलतात, दिवस मोठे होतात आणि दुपारचे ऊन सोसवण्याइतके असते. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रात्री शेतांवर काजवे दिसतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. याचा आनंद होतो तसा त्रासही होतो, कारण उजेड असेपर्यंत मुले झोपायला तयार होत नाहीत. खिडक्यांना लाकडी झडपा असतात, त्या संध्याकाळीच लावून घ्याव्यात. मे महिन्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शेतांवरचे जलतरण तलाव बहुतेक ठिकाणी मेच्या अखेरीस उघडतात आणि उघडले तरी पाणी गार असते. पोहणे हीच मुलांची मुख्य हौस असेल, तर जूनचा पहिला पंधरवडा पकडावा.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळावेत. तापमान पस्तिशीच्या पुढे जाते, जुन्या दगडी घरांत वातानुकूलन असेलच असे नाही, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर निघालेली असते.

दिवाळीच्या सुट्टीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि तो काळ मला मेइतकाच मोलाचा वाटतो, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा उंब्रियात ऑलिव्ह तोडणीचा हंगाम आहे. झाडांखाली जाळी अंथरतात, हातातल्या लहान दाताळ्यांनी किंवा यांत्रिक काठ्यांनी फांद्या विंचरतात आणि फळे जाळीवर सडासडा पडतात. पाच वर्षांच्या मुलालाही दाताळे धरता येते, आणि शेतमालक सहसा आनंदाने ते हातात देतो. तोडलेली फळे शक्य तितक्या लवकर घाण्यावर पोहोचवावी लागतात, कारण ढीग साठून राहिला की तेलाचा दर्जा घसरतो. म्हणून त्या आठवड्यांत गावचा घाणा रात्री उशिरापर्यंत चालतो. नळीतून पडणारे ताजे तेल झगझगीत हिरवे असते आणि घशाला तिखट लागते. भाजलेल्या पावावर ते ओतून तिथेच खायला देतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या सुमारास अंधारून येते, हे गृहीत धरून बेत आखावा.

अ‍ॅग्रीतुरिस्मो म्हणजे काय? घर निवडताना काय विचारून घ्यावे?

आपल्याकडे ज्याला कृषी पर्यटन केंद्र म्हणतात, त्याच जातीची ही व्यवस्था आहे, पण इटलीत तिला कायद्याची भक्कम चौकट आहे. १९८५ मध्ये यासाठी पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. प्रत्यक्ष शेती करणाऱ्यालाच हा व्यवसाय करता येतो आणि शेती हेच त्याचे मुख्य काम राहिले पाहिजे, हा त्या कायद्याचा गाभा आहे. डोंगराळ भागातील शेतकरी गाव सोडून शहरात जात असताना पडीक घरे आणि गोठे यांतून त्याला जोडउत्पन्न मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. आज याच कारणाने पाहुण्यांच्या मुलांना खरीखुरी शेती पाहायला मिळते.

तरीही नावाला अ‍ॅग्रीतुरिस्मो आणि प्रत्यक्षात चकचकीत हॉटेल असलेल्या जागा पुष्कळ आहेत. आरक्षणापूर्वी मालकाला सरळ विचारावे: शेतात सध्या काय पिकते, जनावरे कोणती आहेत, मुलांना त्यांच्याजवळ जाता येते का, आणि तुम्ही स्वतः तिथेच राहता का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मालकाचे कुटुंब आवारात राहत असेल तर रात्री मुलाला ताप आला, गिझर बंद पडला किंवा गावात डॉक्टर कुठे बसतात हे कळेना, तरी माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

जलतरण तलावाला कुंपण आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. अनेक शेतांवर ते नसते, आणि नुकते चालू लागलेले मूल बरोबर असेल तर असे घर, इतर सगळे कितीही मनासारखे असले तरी, सोडून द्यावे. जिन्याला कठडा आहे का, स्वयंपाकघर पूर्ण आहे का, कपडे धुण्याचे यंत्र आहे का, आणि घरापर्यंतचा रस्ता डांबरी आहे की पांढऱ्या खडीचा, हेही विचारण्यासारखे आहे. हंगामात बरीच घरे शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या हिशेबानेच दिली जातात. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी हे पाहावे. पर्यटकांना राहायला देणाऱ्या प्रत्येक जागेला १ जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे आणि तो जाहिरातीतही द्यावा लागतो. तो दिसत नसेल तर पैसे पाठवू नयेत.

आणखी एक बारीकशी, पण रोज भेडसावणारी गोष्ट. इटलीतील घरगुती वीजजोडणी सहसा फक्त तीन किलोवॅटची असते. ओव्हन, गिझर आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी लावले की सगळी वीज जाते. मुख्य खटका कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दाखवून घ्यावे.

मुलांच्या व्हिसासाठी काय वेगळे लागते?

इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे; सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज स्वीकारणारे केंद्र आपला सेवा आकार वेगळा घेते. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रत्येकासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. मुलाचा जन्मदाखला आणि आईवडील दोघांची लेखी संमती तयार ठेवावी. दोघांपैकी एकच प्रवास करणार असेल तर दुसऱ्याच्या संमतीपत्राकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी गर्दी फार असते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्यावी.

गाडी भाड्याने घेणे आवश्यकच आहे का?

शेतावर राहायचे असेल तर बहुतेक वेळा होय. रविवारी आणि दुपारी खेड्यांतल्या बस जवळजवळ थांबतात, आणि किराणा आणण्यासाठीसुद्धा पाच-सहा किलोमीटर जावे लागते. मात्र गाडी चालवण्याची धास्ती असलेल्या कुटुंबांनी हा प्रवासच रद्द करण्याचे कारण नाही. कास्तिलिओने देल लागो आणि पास्सिन्यानो ही सरोवरकाठची दोन्ही गावे रेल्वेमार्गावर आहेत. तिथे गावातच घर घेतले तर प्रादेशिक गाड्यांनी पुष्कळ फिरता येते. पास्सिन्यानोच्या मार्गावर पुढे पेरुजा, आसिसी आणि स्पेल्लो येतात. प्रादेशिक गाड्यांत चार वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आहे. स्थानकावर घेतलेले कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते; ते विसरल्यास दंड होतो.

गाडी घेणाऱ्यांनी भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते, आणि बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात. स्वयंचलित गाडी हवी असेल तर ती आधीच नोंदवावी. ज्याच्या नावे गाडी आहे त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, ही अट काउंटरवर पोहोचल्यावर कळण्याऐवजी घरीच कळलेली बरी.

मुलांच्या आसनांबाबत इटलीचा कायदा कडक आहे. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रत्येक मुलासाठी वयाला व वजनाला साजेसे आसन सक्तीचे आहे. शिवाय चार वर्षांखालील मूल गाडीत विसरले गेल्यास चालकाला सावध करणारे उपकरणही २०१९ पासून बंधनकारक आहे. उन्हात बंद गाडीत मुले दगावल्याच्या घटनांनंतर हा नियम आला. गाडी नोंदवतानाच या दोन्ही वस्तूंची लेखी मागणी करावी.

दुसरी अडचण जुन्या गावांच्या वेशीवर येते. पेरुजा, आसिसी, ऑर्व्हिएतो यांसारख्या गावांच्या आतल्या भागात ठरावीक वेळी फक्त परवानगी असलेल्या वाहनांनाच प्रवेश असतो. या हद्दीच्या तोंडाशी लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा असतो. कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, आणि काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते. भाड्याची कंपनी आपला आकार वेगळा कापून घेते. गाडी नेहमी कोटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवावी. पेरुजात हेच मुलांना आवडते, कारण वाहनतळापासून वर शहरात नेणारे सरकते जिने रोक्का पाओलिना या भुयारी किल्ल्यातून जातात. १५४० मध्ये शहराचे बंड मोडल्यावर पोप पॉल तिसरा याने जुनी वस्ती पोटात घेऊन हा किल्ला बांधवला. आज जिना सोडून दोन पावले आत वळले की विटांच्या कमानींखाली मध्ययुगीन गल्ल्या आणि घरांची दारे दिसतात.

मुलांबरोबर दिवस कसा आखावा?

दिवसाला एकच बेत, तोही सकाळचा. इटलीतील खेडी दुपारी एक ते साडेतीन-चारपर्यंत खरोखरच बंद असतात. किराणा दुकान, पोस्ट, लहान संग्रहालय आणि कधीकधी चर्चसुद्धा. या वेळेशी भांडू नये. साडेनऊपर्यंत बाहेर पडावे, दोन-तीन तास एखादे गाव पाहावे, एकपर्यंत परतून जेवावे, झोपावे, आणि संध्याकाळ शेतावरच काढावी. एक दिवसाआड काहीच ठरवू नये. पालकांना सुरुवातीला हे अवघड जाते, कारण एवढा खर्च करून घरी बसायचे कसे, असे वाटते. पण विहिरीच्या काठावर सरडे शोधण्यात आणि शेतमालकाच्या नातवंडांबरोबर भाषेविना चेंडू खेळण्यात मुलांचा जो वेळ जातो, त्याच्याएवढा भरगच्च वेळ कोणत्याही संग्रहालयात जात नाही.

रात्रीच्या जेवणाची वेळ ही खरी अडचण आहे. खाणावळी साडेसातच्या आधी उघडत नाहीत. लहान मुलांना बाहेर जेवायला न्यायचे असेल तर ते दुपारी न्यावे आणि रात्री घरीच वरणभात करावा.

आम्ही शाकाहारी आहोत. खेड्यात जेवणाचे काय?

चिंता करण्यासारखे फार नाही, मात्र काही गोष्टी नीट माहीत असाव्यात. मध्य इटलीचे शेतकरी जेवण मुळात कडधान्ये, भाज्या, पाव आणि ऑलिव्ह तेल यांवर उभे आहे. कास्तेल्लुच्चो या डोंगरी पठारावरची बारीक मसूर देशभर नावाजलेली आहे. ती भिजवावी लागत नाही, लवकर शिजते आणि तिची आमटी उत्तम होते. त्रासिमेनोच्या काठी फाजोलिना नावाची तांदळाच्या दाण्याहून थोडीच मोठी चवळी पिकते. तोर्ता अल तेस्तो ही तापलेल्या तव्यावर भाजलेली जाड पोळी भाजी किंवा चीज भरून मिळते. पीची आणि उम्ब्रिचेल्ली हे जाड शेवयांसारखे पास्ते परंपरेने फक्त पीठ आणि पाण्याचे असतात. अंडे न खाणाऱ्यांना ते सोयीचे पडतात, कारण इतर ताज्या पास्त्यांत अंडे सर्रास असते.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील विरजण घालूनच करतात, आणि मेंढीच्या दुधाच्या बहुतेक पेकोरिनोतही प्राणिज विरजणच असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. भाज्यांच्या सुपात मांसाचे पाणी किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो, आणि पोळी-पावाच्या पिठात कधीकधी डुकराची चरबी घालतात. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगणे पुरत नाही. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचे पाणी नाही, चरबी नाही, असे चार शब्द इटालियनमध्ये कागदावर लिहून दाखवावेत. जैन कुटुंबांना कांदा-लसणाविना बाहेरचे जेवण मिळणे कठीण जाईल. त्यांनी स्वयंपाकघर असलेलेच घर घ्यावे.

बिलात ‘कोपेर्तो’ नावाचा माणशी एक ते तीन युरोंचा आकार दिसतो. तो टेबलाचा आणि पावाचा असतो; त्यात फसवणूक नाही. उंब्रिया आणि टस्कनीचा पाव अळणी असतो, म्हणून मुले पहिल्या दिवशी तोंड वाकडे करतात. त्यावर तेल आणि मीठ घालून द्यावे.

भारतातून खाण्याचे काय न्यावे, आणि काय नेऊ नये?

लहान कुकर, हळद-तिखट-गोडा मसाला, मूगडाळ आणि मेतकूट एवढे पुरे. तांदूळ तिथे मिळतो. तो चिकट असला तरी मुलांच्या मऊ भाताला चालतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे आणि पनीर घरीच ठेवावे. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीला मर्यादित सूट आहे. बहुतेक ताज्या फळांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शेतमालकासाठी मे महिन्यात हापूसची पेटी न्यावी असे कितीही मनात आले, तरी ती विमानतळावर काढून घेतली जाईल. काजू किंवा चहा न्यावा.

मुलांना खरोखर आवडतील अशी कोणती ठिकाणे जवळपास आहेत?

गुब्बिओची टोपली सर्वांत आधी. इंजिनो डोंगरावर जाणाऱ्या या रोपवेला डबे नाहीत. दोन माणसे उभी राहतील एवढ्या उघड्या लोखंडी टोपल्या आहेत, आणि त्या थांबत नाहीत. कर्मचारी ठरलेल्या जागी उभे करतो, टोपली मागून येते, आणि तो हाताला धरून पटकन आत चढवून दार लावतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांना याहून मोठे साहस नको. लहानांना मोठ्यांबरोबर जाता येते, पण उंचीची भीती असलेल्या पालकाने तो मोह टाळावा. वर संत उबाल्दोच्या चर्चमध्ये ‘चेरी’ नावाचे प्रचंड लाकडी स्तंभ ठेवलेले आहेत. १५ मे रोजी ते खांद्यावर घेऊन तीन गट गावातून डोंगरावर धावत येतात. त्या दिवशीची गर्दी मात्र लहान मुलांसाठी नाही.

स्पेल्लो गावात कॉर्पुस दोमिनी या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, गल्ल्यांत फुलांच्या पाकळ्यांची चित्रे घालतात. गावकरी आदल्या रात्रभर जमिनीवर बसून काम करतात, आणि त्याआधी कित्येक दिवस घराघरांत आज्या व मुले पाकळ्या खुडून रंगांप्रमाणे वेगळ्या करत असतात. सकाळी मिरवणूक त्या चित्रांवरून जाते आणि सगळे विस्कटते, म्हणून आदल्या संध्याकाळीच गावात जाऊन काम चाललेले पाहावे.

तेर्नीजवळचा मार्मोरे धबधबा रोमनांनी ख्रिस्तपूर्व २७१ मध्ये दलदलीचे पाणी काढून देण्यासाठी कृत्रिमरीत्या निर्माण केला. एकूण उंची १६५ मीटर आहे. आज ते पाणी विजेसाठी वळवलेले असते आणि ठरावीक वेळीच सोडतात. वेळापत्रक पाहून थोडे आधी पोहोचावे: कोरडा कडा पाहता पाहता भरून कोसळू लागतो, तो क्षणच पाहण्यासारखा आहे. बदलायचे कपडे जवळ ठेवावेत.

कास्तिलिओने देल लागोच्या किल्ल्यात राजवाड्यापासून बुरुजापर्यंत जाणारा लांब, अरुंद, झाकलेला मार्ग आहे आणि तटावरून सरोवर दिसते. इझोला माज्जोरे बेटावर गाड्या नाहीत, त्यामुळे मुलांना मोकळे सोडता येते. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील सर्व देशांच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. पासपोर्ट दाखवावा लागतो.

या भागात मराठी माणसाशी नाते सांगणारे काही आहे का?

आहे, आणि ते मुलांना अवश्य दाखवावे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान याच तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी येथे धारातीर्थी पडले. त्यांच्या तुकडीतील बाकी सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जखमी झाले असताना त्यांनी एकट्याने चाल करून ते ठाणे निकामी केले, आणि लगेचच आडोशावरून झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय बावीस वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये पेरुजाच्या उत्तरेकडील मोन्तोने या छोट्या गावात सूर्यघड्याळाच्या रूपात त्यांचे स्मारक उभारले गेले. मोन्तोने हे एरवीही जावे असे, शांत आणि टेकडीवर वसलेले गाव आहे. सूर्यघड्याळाची सावली पाहताना मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात, आणि त्या खोऱ्याकडे बोट दाखवून उत्तर देता येते.

फ्लोरेन्सला एक दिवस जाणार असाल तर कॅशिने उद्यानाच्या पश्चिम टोकापर्यंत चालावे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये निवर्तले, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाले. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या आधुनिक पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ असेच म्हणतात. उद्यान मोठे आणि सावलीचे आहे, त्यामुळे मुले दमत नाहीत.

मूल आजारी पडले तर? शेतावर कोणत्या गोष्टींची काळजी घ्यावी?

आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. किरकोळ तक्रारींसाठी हिरव्या क्रॉसच्या औषध दुकानात जावे. तिथले औषधविक्रेते प्रशिक्षित असतात आणि नीट सल्ला देतात. रविवारी कोणते दुकान उघडे आहे याची पाटी बंद दुकानाच्या दारावरच लावलेली असते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरूनच न्यावीत.

उंच गवतात गोचिडी असतात. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे आणि केसांच्या कडेला पाहावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. दगडी भिंतींच्या फटींत मुलांना हात घालू देऊ नये, कारण उन्हाळ्यात तिथे फुरशासारखे विषारी साप क्वचित असतात. शरद ऋतूत रानडुकरांची शिकार चालते, म्हणून जंगलाच्या वाटेने जाण्यापूर्वी शेतमालकाला विचारून घ्यावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. फक्त ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असलेल्या कारंज्याचे पाणी पिऊ नये.

आजी-आजोबांना बरोबर न्यावे का?

जरूर न्यावे. या पद्धतीचा प्रवास त्यांना इतर कोणत्याही सहलीपेक्षा अधिक मानवतो, कारण रोज सामान बांधावे लागत नाही आणि ज्या दिवशी मन नसेल त्या दिवशी ओसरीवर बसता येते. तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी. टेकडीवरच्या गावांचे चढ आणि खडबडीत फरसबंदी गुडघ्यांना जड जाते. स्पेल्लो आणि गुब्बिओ तीव्र चढाचे आहेत, तर सरोवराकाठची फेरी सपाट आहे. बाबागाडीच्या बाबतीतही हाच हिशेब लावावा.

खर्च कुठे वाचतो आणि कुठे वाढतो?

घर जितके जास्त दिवस घ्याल तितके रोजचे भाडे उतरते, आणि स्वयंपाकघरामुळे जेवणाचा मोठा खर्च वाचतो. वाढतो तो गाडी, विमा, इंधन आणि महामार्गाचा टोल यांवर. पेट्रोल स्वतः भरले तर स्वस्त पडते. कर्मचाऱ्याने भरून दिल्यास त्याच पंपावर दर जास्त लागतो. बहुतेक गावांत माणशी दर रात्रीचा पर्यटक कर असतो आणि तो अनेकदा शेवटच्या दिवशी रोख मागतात. ठरावीक वयाखालील मुलांना तो माफ असतो, पण ते वय प्रत्येक नगरपालिका आपले ठरवते.

परतीचे विमान रोमहून आहे. शेवटचा दिवस कसा ठेवावा?

शेतावरून थेट विमानतळावर जाण्याचा बेत करू नये. महामार्गावर एक अपघात झाला की दोन-तीन तास सहज जातात. माझ्या मते शेवटची रात्र ऑर्व्हिएतोत काढावी. गाडी तिथेच परत करता येते का हे आरक्षणाच्या वेळी पाहावे, कारण छोट्या गावांतील कचेऱ्या शनिवारी दुपारी आणि रविवारी बंद असतात. स्थानकासमोरूनच वर गावात जाणारी केबलवर ओढली जाणारी रेल्वे आहे, आणि ती जिथे पोहोचते तिथे पावलांवर संत पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटले गेल्यानंतर पोप क्लेमेंट सातवा येथे आश्रयाला आला आणि वेढा पडल्यास पाणी असावे म्हणून त्याने ही विहीर खोदायला लावली. पाण्याच्या पखाली आणणारी खेचरे एका वळणदार जिन्याने खाली उतरत आणि दुसऱ्याने वर येत. दोन्ही जिने एकमेकांभोवती फिरतात, पण कुठेही मिळत नाहीत. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. आईने एका जिन्याने आणि मुलांनी बाबांबरोबर दुसऱ्याने निघावे, म्हणजे मधल्या खिडक्यांतून समोरासमोर दिसत राहतात आणि हाका मारता येतात. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिएतोहून रोमला जाणारी प्रादेशिक गाडी साधारण सव्वा तासात पोहोचवते आणि तेर्मिनी स्थानकावरून विमानतळासाठी थेट गाड्या सुटतात. मोठे सामान आणि मुले बरोबर असल्यामुळे दोन गाड्यांच्या मध्ये किमान पाऊण तास मोकळा ठेवावा.